४१.२० ते ४२.६५

सुर्लच्या शेडमध्ये पत्र्याच्या पेट्या होत्या, छपरापर्यंत.
प्रत्येकीत पाच खाचा, खाचांमध्ये जमिनीचा गाभा:
मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या,
जशा वर आल्या तशा, डावीकडून उजवीकडे,
वाचायच्या क्रमाने.

मी पणजीहून पदवी घेऊन गेले होते.
कायतान मिरांड तेवीस वर्षं भोकं पाडत होता.
यंत्राने त्याचा एक कान नेला होता,
उरलेल्याने तो खडक ऐकायचा.

वरचे आठ मीटर जांभा. हें आमचें घर, तो म्हणायचा.
खरंच, भिंती, विहिरीचा काठ, चॅपलची पायरी,
सगळं या सालीतूनच कापलेलं.
मग पिवळी माती, मग जांभळी,
कपड्याला लागली की तीन धुण्यांत जात नाही.
आणि मग ते पट्टे:
एक काळा, एक तांबडा, एक करडा,
नखाएवढे जाड, शेकडो, शेकडो.

पुस्तकात वाचलं होतं, तरी सांगताना जीभ अडखळली.
कायताब, इथे समुद्र होता.
"दर्या आसा मगे अजून, बेतुलाक."
तो नव्हे. माशांच्या आधीचा,
मीठ विरघळावं तसं लोखंड विरघळलेला.
मग त्यात कुणीतरी, डोळ्यालाही न दिसणारं,
श्वास सोडायला शिकलं
आणि अख्खा समुद्र गंजला.
गंज तळाशी बसत गेला. अडीचशे कोटी वर्षं झाली, जास्तच.
त्याने कांडी नाकाशी नेली.
"नुस्त्याचो वास ना," म्हणाला.

मधाशी पोचायला किती खोल जावं लागेल?
सहा हजार तीनशे एकाहत्तर किलोमीटर.
त्याने बिडीच्या पाकिटावर गणित मांडलं:
दिवसाला नऊ मीटर, रविवार सोडून,
सव्वादोन हजार वर्षं. फेस्तांच्या सुट्ट्या वेगळ्या.
मग कुणी गेलंच नाही, तर सांगता कसं?

सांगितलं. कुठेतरी भूकंप होतो,
त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात,
काही वाकतात, काही आरपार निघतात,
एक जात वाटेतच विझते.
म्हणून कळतं की गाभ्याबाहेरचं लोखंड वितळलेलं आहे
आणि अगदी आतलं पुन्हा घट्ट.
"म्हणजे फणस वाजवतात तसं."
हो. अगदी तसंच.

त्या पावसाळ्याआधी एकदा नळी रिकामी वर आली.
दीड मीटर खडक वाटेतच भुगा होऊन वाहून गेला होता.
कायतानने फळकुटाचा ठोकळा कापला,
पेन्सिलने आकडे घातले, खाचेत बसवला.
मी म्हटलं, दोन्हीकडचे दगड जवळ सरकवू या,
पेटी नीट दिसेल.
पहिल्यांदाच तो माझ्यावर चिडला.
"जें आयलें ना, ताका सुवात दवर."
जे आलं नाही, त्याची जागा राखायची.

खाण बंद पडली. पट्टे बार्जमध्ये बसून
मांडवीतून केव्हाच दूर गेले होते.
खड्ड्यात आता हिरवं पाणी आहे, एक खंड्या आहे.
पेट्यांचा पत्रा कुणी किलोवर विकला, दगड रस्त्यात पडले.
कायतान नुव्याला असतो. दुसरा कानही गेला.

मी साखळीला शिकवते.
फळ्यावर वीतभर मोठं वर्तुळ काढते आणि सांगते,
खडूची ही रेघ जेवढी जाड, त्याहूनही पातळ आपलं कवच.
सह्याद्री, समुद्र, सगळ्या खाणी रेघेच्या आत.
मुलं माना डोलावतात, घड्याळ बघतात.
पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी, लिहा.
त्यातल्या पहिल्या पन्नास कोटींचं
खडक म्हणून जवळपास काही उरलेलं नाही.

पिशवीतून ठोकळा काढून फळ्याच्या कडेला ठेवते.
पेन्सिल अजून वाचता येते.

"मॅडम, मग तिथे काय लिहू?" रेश्मिता गावस विचारते.
चार ओळी सोड, म्हणते.
ती बोट ठेवून चार ओळी मोजते
आणि पाचवीवर पेन टेकवते.